साडेनऊ बोटं

१

फुग्यांच्या खोलीत शिरायला बावीस मिनिटं लागतात. आधी अंघोळ, केसांसकट. मग वाफेतून काढलेले कपडे, टोपी, तोंडाला फडकं, पायांत पिशव्या. मग एक दार, त्यापुढे हवेचा झोत अंगावर घेत उभं राहायची अरुंद पेटी, आणि मग दुसरं दार. पहिले काही दिवस मला ही बावीस मिनिटं वाया गेल्यासारखी वाटायची. मला घाई होती. मला बहुतेक गोष्टींची घाईच असते.

आत पाच फुगे. त्यांचं खरं नाव लांबलचक आहे, पण सगळे फुगेच म्हणतात. पलंगाएवढ्या टेबलावर जाड, पारदर्शक प्लास्टिकचा तंबू, त्यात पंख्याने भरलेली गाळीव हवा, आणि त्या हवेत जन्मून त्याच हवेत मरणारे उंदीर. त्यांच्या अंगावर, तोंडात, आतड्यात एकही जंतू नसतो. अन्न, पाणी, खाली पसरायचा भुसा, सगळं वाफेत शिजतं, आंबट वासाच्या औषधात न्हातं आणि दोन दारांच्या एका बोगद्यातून आत जातं. त्या बोगद्याला आमच्याकडे देवडी म्हणतात. माणसाचा हात आत जातो तो फक्त फुग्याच्या भिंतीलाच चिकटवलेल्या लांब रबरी मोज्यांतून. एक जोडी अलीकडे, एक जोडी पलीकडे.

फुग्यातल्या हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा जास्त. त्यामुळे कुणाचे हात नसले की मोजे उलटे होऊन बाहेर येतात आणि ताठ उभे राहतात. पाच फुगे, वीस हात. दार उघडलं की सगळे आपल्याकडे रोखलेले.

पहिल्या दिवशी मी दचकले, तेव्हा फुगेवाले काका हसले. एकवीस वर्षं ते त्या खोलीत होते. "घाबरू नका डॉक्टरीणबाई. मागत काही नाहीत, नुसते उभे असतात. कचेरीतल्या लोकांसारखे."

मी अजून डॉक्टरीण झाले नव्हते. संशोधनाचं पहिलंच वर्ष होतं. त्यांनी पहिल्या दिवसापासून मला ती पदवी देऊन टाकली होती.

"आधी मोजा तपासायचा," ते म्हणाले. "घाई असली तरी. घाई असली तर दोनदा." अंगठ्यापासून सुरू करायचं. एकेका बोटाचं टोक चिमटीत धरून दाबायचं आणि तोंडावरचं फडकं जरा खाली करून ओला ओठ जवळ नेऊन बघायचं, वारा लागतो का. सुईच्या टोकाएवढं भोक असलं तरी ओठाला कळतं. मग त्यांनी मला मोज्यांत हात घालायला सांगितलं. स्वतः पलीकडे जाऊन तिकडच्या मोज्यांत हात घातले. फुग्याच्या मधोमध त्यांचे रबरी हात माझ्या रबरी हातांपाशी आले. त्यांनी माझं एकेक बोट चिमटीत धरून दाबलं. अंगठा, तर्जनी, मधलं. सावकाश, बांगड्या भरणारा माणूस हात चाचपतो तसं.

"बसलाय मोजा. आता हा हात तुमचा नाही. फुग्याचा."

त्यांच्या डाव्या करंगळीचं वरचं पेर नव्हतं. तरुणपणी कुठल्याशा यंत्रात गेलं होतं. मोजा सगळ्यांना एकच, त्यामुळे त्यांच्या हातावर त्या करंगळीचं टोक रिकामं राहून लोंबायचं. "साडेनऊ बोटांत एकवीस वर्षं काढली," ते म्हणायचे. "एकही फुगा गेला नाही. तुमची तर पूर्ण दहा आहेत."

२

मी या कामाकडे वळले ती एका मुलामुळे. कॉलेजात असताना आम्ही चारपाच जण मुलांच्या वॉर्डात मदतीला जायचो. तिथे तीन वर्षांचा एक मुलगा होता, वजन वर्षाच्या बाळाएवढं. त्याला खायला मिळत नव्हतं असं नाही. चार महिने तासातासाला मिळत होतं, आणि अंगी काही लागत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, याच्या आतड्यातले जंतूच बिघडलेत, अन्न जातं कुठे तेच कळत नाही. एका मंगळवारी तो गेला. त्याच्या आईने मला विचारलं, "ताई, मी काय कमी दिलं?"

उत्तर देता येईना म्हणून मी शिकले. जंतू नसलेल्या उंदरांच्या पोटात अशा मुलांचे जंतू सोडायचे, कुठला जंतू अन्न पळवतो ते एकेक करून शोधायचं. उत्तर फुग्यात आहे, यावर माझा विश्वास होता. अजून आहे.

पण फुग्यात बाहेरचा एक जंतू शिरला की सगळं संपलं. म्हणून दर सोमवारी उंदरांच्या लेंड्या तपासणीला जातात. आणि इथली एक रीत आहे. रुजू होतानाच प्रत्येकाच्या हातावरच्या आणि पोटातल्या जंतूंचा नमुना घेऊन, नाव चिकटवून, गोठवून ठेवतात. फुगा बिघडला तर आत सापडलेले जंतू त्या नमुन्यांशी ताडून बघतात. चोराच्या बोटांचे ठसे घेतात ना, तसं. फक्त चोरीच्या आधी घेतलेले.

दुसरी रीत मॅडमची. मॅडम म्हणजे आमच्या प्रमुख. ज्याच्या हातून फुगा गेला, त्यानेच तो रिकामा करायचा. आधी सगळ्यांच्या देखत चूक कबूल करायची, मग.

मला तो नियम फार आवडला होता. जबाबदारी अशीच असावी, असं मी काकांना म्हणालेसुद्धा. ते फक्त "बघू" म्हणाले.

३

पिल्लांचा दिवस होता. जंतू नसलेली नवी जात हवी असली, की पिल्लांना नेहमीसारखं जन्मू देत नाहीत, कारण आईच्या वाटेतच ती जंतू उचलतात. दिवस भरले की आईची मान मोडतात, पिशवी जशीच्या तशी कापून औषधात बुडवतात आणि देवडीतून आत घेतात. आतल्या माणसाने ती फाडायची, पिल्लं पुसायची, श्वास घेईपर्यंत चोळायची. हातात पाचसहा मिनिटं असतात. मग ती आतल्या एका उंदरीच्या घरट्यात सरकवायची, जिची स्वतःची पिल्लं सकाळीच काढून टाकलेली असतात.

तीन नंबरच्या फुग्यावर अलीकडे मी होते, पलीकडे काका. पिशवी देवडीत आली. मी मोज्यांत हात घातले.

तपासले नाहीत.

नऊतली सात पिल्लं रडली. उंदरीने सातही जवळ घेतली. काका म्हणाले, "हात चांगला आहे पोरी तुझा." एरवी ते मला अहोजाहो करायचे. ते भुसा आणायला बाहेर गेले आणि मी हात काढले. मोजे बाहेर येऊन ताठ झाले. उजव्या मोज्याच्या मधल्या बोटाकडे मी ओठ नेला. का नेला, माहीत नाही. केसाएवढा बारीक वारा लागला.

मी चिकटपट्टी लावली. दुसऱ्या दिवशी, जुना झाला म्हणत, तो मोजाच बदलला आणि कापून कचऱ्यात टाकला. कुणाला काही सांगितलं नाही. म्हटलं, दाब आतून बाहेर असतो. आत काय शिरणार?

सोमवारच्या लेंड्यांत जंतू सापडले.

मॅडमनी गोठवलेले नमुने तपासणीला पाठवायला मलाच सांगितलं. त्या आठवड्यात फुग्यात हात घातलेले दोघंच, मी आणि काका. कपाट उघडलं, धुकं बाहेर आलं. दोन नळ्या, त्यांवर दोन चिकटवलेली नावं. अंगठ्याने बर्फ पुसला आणि पट्ट्या नखाने उचलल्या. माझी त्यांच्या नळीवर, त्यांची माझ्या नळीवर. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. तपासणीपुरतं थोडं काढून घेतात आणि नळ्या परत कपाटात येतात. त्या दिवसापासून आजपर्यंत त्या तशाच आहेत. किल्ली नंतर मॅडमनी स्वतःकडे घेतली.

मी स्वतःला सांगितलं: त्यांची नोकरी संपत आलीय, माझं काम सुरू व्हायचंय. एका माणसाची बदनामी एकीकडे, हजारो मुलं दुसरीकडे. हिशेब इतका सोपा होता की मला त्याचा अभिमानच वाटला.

४

अहवालात काकांचं नाव आलं. आम्ही सगळे तीन नंबरभोवती उभे राहिलो.

"तुमच्याच हातून झालं, मान्य आहे ना?" मॅडमनी विचारलं.

काका स्वतःचे हात उलटसुलट करून बघत होते. "अहवालात आलंय म्हणजे असेल मॅडम. अहवाल कशाला खोटं बोलेल?" मग माझ्याकडे वळून, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं, "डॉक्टरीणबाई, तुम्ही समोरच होतात. कुठे चुकलो मी?"

"माझं लक्ष नव्हतं काका."

त्यांनी मोजे तपासले. सगळी बोटं, शांतपणे. एक्केचाळीस उंदीर एकेक करून डब्यात भरले, देवडीतून काढले आणि गॅसच्या पेटीत ठेवले. ती सात पिल्लंसुद्धा. पिल्लांना गॅस लवकर लागत नाही, त्यांचं कात्रीने करावं लागतं. त्यांनी तेही केलं. त्यांच्याकडे बघून उंदीर पळत नव्हते, हे सगळ्यात वाईट. रोज दुपारी चारला काका पलीकडच्या बाजूने प्रत्येक फुग्यात डावा हात घालायचे आणि तळवा वर करून नुसता ठेवायचे. उंदीर येऊन तळव्यावर चढायचे, करंगळीचं लोंबतं टोक हुंगायचे. याला ते हजेरी म्हणायचे. त्या दिवशीही उंदीर स्वतःहून हातावर चढले. त्यांना वाटलं असणार, चार वाजले.

जाताना काका दारात थांबले. "बरं केलंस पोरी, नमुने लगेच पाठवलेस. वेळेत कळलं, नाहीतर बाकीचे फुगेही गेले असते. हात घाण झाल्यावर माणसाने थांबलेलं बरं."

उंदीर वाचले नाहीत. मी वाचले.

५

दोन आठवड्यांनी माझ्या लक्षात आलं, की दुपारी चारला उंदीर जागे असतात.

उंदीर दिवसा झोपतात. एकावर एक, भुशात, कान मिटून. पण चारच्या सुमारास एक, दोन आणि चार नंबरच्या फुग्यांतले सगळे उठून पलीकडच्या मोज्यांखाली जमत होते. मागच्या पायांवर बसलेले, नाक वर. पाचसात मिनिटं तसेच. मग परत झोपायला.

यात नवल काही नव्हतं. सवय. घंटा वाजली की जनावराला लाळ सुटते, हे शाळेतली पोरंही जाणतात. जन्मल्यापासून रोज कुणी चारला येत असेल तर चारला वाट बघणारच. मी वहीत टिपण केलं, 'सवय, हळूहळू जाईल', आणि खाली रेघ मारली.

पाच नंबरचा फुगा काका असताना रिकामाच होता. ते गेल्यावर तो आम्ही तीन नंबरच्या बदली सुरू केला, बाहेरून मागवलेल्या पिल्लांवर. हवाबंद पेटीत आलेली, काकांना कधी न पाहिलेली पिल्लं. खोलीत नवं कपाट आल्यामुळे जागा अपुरी पडली, म्हणून तो फुगा भिंतीला लावला. मागे वीतभर फट. तिथे माणूस उभा राहूच शकत नाही. पलीकडचे मोजे निरुपयोगी, म्हणून मी ते मुळापाशी मुडपून फितीने घट्ट बांधून टाकले.

पाच नंबरची पिल्लं महिन्याची झाली. एका गुरुवारी मी समोर उभी राहून पाण्याच्या बाटल्या मोजत होते. सगळी उठली. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस. भिंतीकडच्या बाजूला गेली आणि बांधलेल्या मोज्यांखाली नाकं वर करून बसली.

भिंतीवरच्या घड्याळात चारला दोन मिनिटं कमी होती.

वहीत काय लिहावं ते सुचेना. शेवटी 'शेजारच्या फुग्यांकडे बघून?' असं लिहिलं. रेघ मारली नाही.

६

मग डाव्या मोज्याची करंगळी.

काका दिवसअखेर प्रत्येक फुग्यावरच्या डाव्या मोज्याची करंगळी आत ढकलून ठेवायचे, झोपलेल्याच्या अंगावर पांघरूण सारखं करावं तशी. विचारलं तर म्हणायचे, "माझ्या हाताची खूण. सकाळी बाहेर आलेली दिसली, की कळतं रात्री कुणीतरी चाळवलं." त्यांच्यामागे हे कोणी करत नव्हतं.

मी फितीची गाठ बघायला फटीत आरसा धरला. गाठ होती तशीच होती. पण मुडपलेल्या बोचक्यातून डाव्या मोज्याची चार बोटं बाहेर डोकावत होती, आणि करंगळी आत ढकललेली होती.

फरशी पुसणाऱ्या मावशी बादली घेऊन उभ्या होत्या. "मावशी, मागच्या मोज्यांना तुम्ही हात लावलात?"

"मी कशाला लावू बाई? माझा हात तरी शिरेल का त्या फटीत? माझं अंग बघा आणि ती फट बघा!" त्या हसल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "कळलं ना तुम्हाला? फुगेवाले काका गेले. परवा."

मी आरसा काढून घेतला. मला आधी काय वाटलं ते सांगते, कारण इथे खोटं बोलण्यात अर्थ नाही. मला सुटल्यासारखं वाटलं.

७

काकांच्या घरी दोन खोल्या. दाराशी त्यांच्या चपला अजून होत्या. काकूंनी मला खुर्ची दिली आणि स्वतः मोरीच्या कट्ट्यावर टेकल्या. त्यांच्यामागे नळ, नळाखाली कपडे घासायचा ब्रश, त्याचे केस पार झिजलेले.

"हात धुवायचे," काकू म्हणाल्या. "दिवसभर. आधी साबणाने. मग म्हणाले साबणाने जात नाही, ते तुमच्याकडचं आंबट औषध कुठूनसं आणलं. त्यानेही नाही जात म्हणून ब्रश. मी म्हटलं, अहो, हात आहेत की पातेलं? तर हसले. जेवायला बसले की म्हणायचे, तू भरव, माझे हात घाण आहेत. चाळीस वर्षांच्या संसारात मी त्यांना भरवलं नव्हतं हो कधी. शेवटचा महिना भरवलं."

मी माझे हात मांडीखाली घेतले.

"कातडं सोलून निघालं. मग ताप. दवाखान्यात सांगितलं, चिरांतून जंतू शिरलेत, रक्तात गेलेत. नऊ दिवसांत आटोपलं." त्यांनी पदराने नळाची तोटी पुसली. ती कोरडीच होती. "तुमच्यावर त्यांचा जीव होता ताई. म्हणायचे, पोर हुशार आहे, माझ्यासारखी अडाणी नाही. पण एक सतावायचं त्यांना. पडल्या पडल्या असे हात पुढे करून बोटं दाबत बसायचे हवेत, एकेक. म्हणायचे, कुठल्या बोटाने झालं तेच आठवत नाही. एकदा ते बोट सापडलं की झोप लागेल."

बाहेर कुणाचीतरी सायकल घसरत थांबली. काकू माझ्याकडे बघत होत्या.

"तुम्ही शिकलेल्या. मला एवढंच सांगा. खरंच त्यांच्याच हातून झालं होतं?"

इथे मला उठून जाता आलं असतं, रडता आलं असतं. खरं सांगता आलं असतं, आणि मग नोकरी, पदवी, फुगे, ती मुलं, सगळं गेलं असतं, आणि काका परत आले नसते. मी पुन्हा तोच सोपा हिशेब केला.

"हो काकू," मी म्हणाले. "अहवालात तसंच होतं."

त्यांनी मान हलवली. "मग बरं. चुकीचं कुणी म्हटलं असतं तर जिवाला लागलं असतं." आणि मला चहा करायला उठल्या. मी तो प्यायलेही.

८

पुढच्या सोमवारी पाच नंबरच्या लेंड्यांत जंतू सापडले. तोवरच्या सगळ्या तपासण्या स्वच्छ होत्या. सगळ्यांचे नमुने ताडायला गेले. शुक्रवारी मॅडमनी मला बोलावलं आणि कागद माझ्याकडे सरकवला.

अहवालात माझं नाव होतं.

"तू निष्काळजी असशील असं मला वाटलं नव्हतं," मॅडम म्हणाल्या. "तीन नंबरच्या वेळी काकांना किती बोललो आपण."

मी कागद धरून बसले. पंख्याखाली तो फडफडत होता. त्या नावाचा अर्थ जगात मला एकटीलाच कळत होता. माझ्या नावाच्या नळीत काकांचे जंतू होते. मीच ठेवलेले.

मग मी विचार केला, जसा शिकले तसा, एकेक पायरीने. ते फुग्यात कधी हात घालू शकले असते? पाच नंबर सुरू झाला तो त्यांच्या जाण्यानंतर. जुन्या भुशातून, खाण्यातून त्यांचे जंतू आत गेले असतील? ते वाफेत शिजतं. तपासणीवाल्यांची चूक असेल? जुळणी शंभरात नव्व्याण्णव होती. जंतू सापडले त्या सोमवारी काकांना जाऊन अकरा दिवस झाले होते. मग, मी पट्ट्या बदलल्याच नसतील. बदलायचं मनात आलं आणि भीतीने मला तसं वाटत राहिलं. तसं असेल तर तीन नंबर खरंच काकांनी घालवला आणि पाच नंबर मी. सगळं सरळ, सगळं न्याय्य. हा विचार इतका गोड होता की मी त्याला चिकटून बसले. मग आठवलं, पट्टी उचलताना माझं नख तुटलं होतं. तुटलेलं नख मला अजून दिसत होतं.

"माझं नाही हे," असं म्हणायला मी तोंड उघडलं. पुढचा प्रश्न असता, मग कुणाचं? आणि त्याला एकच उत्तर होतं, ज्याच्या आधी दुसरं एक सांगावं लागलं असतं.

"बोल," मॅडम म्हणाल्या.

"केव्हा रिकामा करायचा?" मी विचारलं.

"आज. चार वाजता मला वेळ आहे."

९

बावीस मिनिटं. अंघोळ, कपडे, झोत. पहिल्यांदाच मला ती कमी वाटली.

खोलीत मॅडम, त्यांच्या हातात नोंदीचं पॅड. मागे मावशी आणि दोघं जण. पंखे नेहमीच्या सुरात घुमत होते. पाच नंबरचा दाबाचा काटा हिरव्यात, जिथे असायला हवा तिथेच.

"तुझ्याच हातून झालं, मान्य आहे ना?"

"हो."

मॅडमनी खाली बघून लिहायला घेतलं. मी मोजे तपासले. दहाही बोटं. दोनदा. मग हात आत घातले, डब्याचं झाकण काढलं आणि पहिल्या उंदरासाठी हात पुढे केला.

जागेवर एकही नव्हता. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस भिंतीकडच्या बाजूला, मागच्या पायांवर, नाकं वर.

डावा मोजा सुटा होता. मी आधी फितीकडे बघितलं, कारण फीत ही समजण्यासारखी गोष्ट होती. ती फटीत खाली पडली असणार. पण मोकळा मोजा दाबाने बाहेर, भिंतीकडे फुगायला हवा. हा आत येत होता. सावकाश, रबर घासल्याचा आवाज करत, हवेच्या विरुद्ध. दाब उतरला असेल म्हणून मी काट्याकडे बघितलं. हिरव्यात. परत बघितलं तोवर मनगट भरलं होतं. मग अंगठा भरला, तर्जनी, मधलं, अनामिका. करंगळी अर्धी भरली. वरचं टोक लोंबत राहिलं.

तळवा वर झाला आणि भुशावर टेकला. उंदीर त्यावर चढले.

तो थांबला. घाई नव्हती त्याला. शेवटचा उंदीर टोक हुंगून उतरेपर्यंत तसाच पडून राहिला. मग वळला आणि भुशावरून माझ्याकडे आला. पलीकडचा मोजा जेमतेम मध्यापर्यंत पोचतो, हे मला माहीत होतं. माझे हात मध्यावरच होते. काढायचे म्हणून मी मागे ओढले, पण घामाने रबर कातडीला चिकटलं होतं. ओढले, असं मी म्हणते. कदाचित ओढलेही नसतील.

त्याने माझा उजवा अंगठा चिमटीत धरला. दाबला. क्षणभर थांबला, ओठाला वारा लागतो का बघावं तसा. सोडला.

रबराच्या दोन थरांपलीकडे काय होतं ते मला कळत होतं. ते हाताच्या आकाराचं होतं, पण त्याला वरून काही नव्हतं. जिथे कातडं असतं तिथे ते ओलं आणि मऊ होतं.

तर्जनी. दाबली. सोडली.

"थांबलीस का?" मागून मॅडमचा आवाज आला. पॅडवर पेन चालत होतं. त्यांना माझी पाठ दिसत होती, दुसरं काही नाही. "काय झालं?"

चिमूट मधल्या बोटावर आली. मोजा नवा होता, त्याला भोक नव्हतं. भोक त्या जुन्या मोज्याला होतं, जो मी कापून टाकला होता आणि ज्याबद्दल मी कुणालाही, कधीही, काही सांगितलं नव्हतं.

चिमूट तिथे थांबली. मग पुढे गेलीच नाही.

"काही नाही मॅडम," मी म्हणाले. "मोजा तपासणं चाललंय."

आणि बोटावरचा दाब हळूहळू वाढत गेला.